यसरिबमधला परका शिक्षक

मदीना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवा घुमट उभा राहतो. हजहून परतलेला माणूस मदीनेच्या आठवणी सांगू लागला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. तिथली शांतता, तिथल्या लोकांची मृदू बोली, तिथला खजूर यांच्या गोष्टी घराघरांतून ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. पण मदीना पहिल्यापासून अशी नव्हती. हिजरतीच्या आधी पाचच वर्षे, म्हणजे इ. स. ६१७ च्या सुमारास, यसरिब नावाची ही वस्ती भाऊबंदांच्या लढाईत होरपळून निघाली होती. बापाविना वाढणारी मुले होती, जळालेल्या खजुरीच्या बागा होत्या, आणि एका गल्लीतला माणूस दुसऱ्या गल्लीत हत्यार घेतल्याशिवाय जात नव्हता.

अशा या गावात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या आधी एक माणूस पाठवला. तो सेनापती नव्हता, वाटाघाटी करणारा वकीलही नव्हता. त्याच्याकडे एकच काम होते, शिकवण्याचे. त्यांचे नाव हजरत मुसअब बिन उमैर (रजि.). आपल्याकडे त्यांचे नाव घेतले जाते ते बहुधा उहुदच्या शहिदांमध्ये. यसरिबमध्ये त्यांनी काढलेले वर्षभर मात्र दोन ओळींत आटोपले जाते. या लेखात त्या एका वर्षाकडे जरा थांबून पाहायचे आहे.

या वर्षाची हकीगत आपल्याला मुख्यतः इब्ने इसहाक यांच्या सीरतीतून कळते. ती इब्ने हिशाम यांनी संपादित केलेल्या स्वरूपात आपल्यापर्यंत आली. इब्ने इसहाक यांचा जन्म मदीनेतलाच. या घटनांनंतर सुमारे शतकभराने, ज्या घरांमध्ये त्या घडल्या त्या घरांतल्या नातवंडा-पतवंडांकडून ऐकून त्यांनी त्या नोंदवल्या. इब्ने सअद यांच्या ‘तबकात’मध्ये आणि हदीसच्या संग्रहांतही काही तपशील येतात. सगळ्यांच्या सांगण्यात थोडाफार फरक आहे, पण मूळ चित्र सारखेच आहे.

बुआसची राख

यसरिब हे आजच्या अर्थाने एक शहर नव्हते. पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या ज्वालामुखी दगडांची पठारे, ज्यांना अरब ‘हर्रा’ म्हणत, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या वस्त्या, विहिरी, शेते, खजुरीच्या बागा. प्रत्येक कुळाची आपली वेगळी वस्ती आणि संकटकाळी आत जाऊन बसण्यासाठी आपली वेगळी गढी. गढ्यांची ही संख्याच सांगते की शेजाऱ्यांचा एकमेकांवर किती विश्वास होता!

औस आणि खजरज या इथल्या दोन मोठ्या अरब जमाती. दोन्ही एकाच वंशातल्या, दोघांची आजी एक. त्यांच्यातले वैर कित्येक पिढ्यांचे होते. कधी एखाद्या आश्रिताच्या खुनावरून, कधी रक्ताच्या मोबदल्यावरून लढाया जुंपत गेल्या. शेवटची आणि सर्वांत भयंकर लढाई बुआसची. बनू कुरैजा आणि बनू नजीर हे यहुदी कबिले औसच्या बाजूने उभे राहिले. खजरजचा नेता अब्दुल्लाह बिन उबई मात्र या लढाईपासून दूर राहिला.

लढाईच्या सुरुवातीला औसचे लोक पळू लागले. तेव्हा त्यांचा सरदार हुजैर याने स्वतःच्याच पायात भाल्याचे टोक खुपसून घेतले आणि आपण इथून हलणार नाही असे ओरडून सांगितले. त्याला पाहून पळणारे मागे फिरले. खजरजचा सेनानी अम्र बिन नुअमान बयाजी बाण लागून पडला आणि पारडे फिरले. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची घरे आणि खजुरीची झाडे जाळली. हुजैरही जखमांनी मेला. म्हणजे जिंकणाऱ्यांनी आपला सरदार गमावला आणि हरणाऱ्यांनीही. हजरत आएशा (रजि.) पुढे म्हणत की बुआसचा दिवस ही जणू प्रेषितांसाठी झालेली पूर्वतयारीच होती. ते आले तेव्हा तिथले पुढारी मारले गेलेले, घायाळ झालेले आणि समाज विस्कटलेला होता.

खजुरीचे झाड फळाला यायला वर्षे लागतात, त्यामुळे झाड जाळणे हे पुढच्या पिढीचे अन्न जाळण्यासारखे असते. बुआसनंतरच्या यसरिबमध्ये लढायची ताकद कोणातच उरली नव्हती. पण समेट करण्याचीही ताकद नव्हती, कारण दोन्हीकडच्यांना मान्य होईल असा एकही माणूस त्यांच्यात शिल्लक नव्हता.

अकबाची भेट

इ. स. ६२० च्या हजच्या दिवसांत मक्केजवळ अकबाच्या घाटात खजरजचे सहा जण प्रेषितांना (स.) भेटले. आमच्या लोकांत जितके वैर आहे तितके दुसऱ्या कोणत्याच लोकांत नाही, कदाचित अल्लाह तुमच्यामुळे त्यांना एकत्र आणील, अशा अर्थाचे बोलणे त्यांनी केले. धर्म समजून घेण्याआधी त्यांनी आपले दुखणे सांगितले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढच्या वर्षी, ६२१ मध्ये बारा जण आले. त्यांत दहा खजरजचे आणि दोन औसचे होते. दोन का होईना, पण औसचे लोक खजरजच्या लोकांबरोबर प्रवास करून आले. या बाराजणांनी बैअत केली आणि परत निघताना त्यांना शिकवण्यासाठी मुसअब बिन उमैर यांना यसरिबकडे पाठवण्यात आले. मक्केपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता.

मुसअब यांचे आधीचे आयुष्य पाहिले की ही निवड किती योग्य होती ते कळते. ते कुरैशच्या बनू अब्दुद्दार या घराण्यातले. काबागृहाची किल्ली आणि लढाईतले निशाण सांभाळण्याचा मान या घराण्याकडे होता. आई खुनास बिन्ते मालिक श्रीमंत होती आणि मुलावर तिचा फार जीव. मक्केत त्यांच्याइतका ऐटीत राहणारा, उंची कपडे घालणारा, अत्तर लावणारा तरुण दुसरा नव्हता असे सांगतात. अरकम यांच्या घरी गुपचूप जाऊन त्यांनी इस्लाम स्वीकारला. नमाज पढताना कोणी पाहिले आणि घरी कळवले. त्याच आईने त्यांना कोंडून ठेवले. तिथून निसटून ते इतरांबरोबर हब्शाला गेले आणि काही काळाने मक्केला परतले.

म्हणजे यसरिबला निघालेल्या या शिक्षकाने परमुलूख आधीच अनुभवला होता. दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या आसऱ्याला, भाषा येत नसताना कसे राहायचे हे ते हब्शात शिकले होते. आपल्या घराचे दार आपल्यासाठी बंद होणे म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक होते. निर्वासित झालेला माणूस युद्धाने पोळलेल्यांसमोर बसतो तेव्हा त्याला त्यांचे मौनही समजते.

असअद यांच्या घरी

यसरिबमध्ये ते उतरले खजरजच्या असअद बिन जुरारा (रजि.) यांच्या घरी. परक्या गावात शिक्षकाने कुठे राहायचे हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ज्याच्या घरी तो जेवतो, त्याच्या बाजूचा तो मानला जातो. वैर असलेल्या गावात तर तो पहिल्याच दिवशी एका पक्षात जमा होतो. मुसअब यांचा यजमान खजरजचा, म्हणजे बुआसमध्ये हरलेल्या बाजूचा. औसच्या लोकांनी त्यांना खजरजचा माणूस समजून दूर ठेवले असते तर नवल नव्हते.

तसे झाले नाही, याचे एक कारण नमाजमध्ये सापडते. इब्ने इसहाक यांनी एक छोटीशी नोंद केली आहे. मुसअब हेच सर्वांची इमामत करीत, कारण औसच्या माणसाने पुढे उभे राहावे हे खजरजला आणि खजरजच्या माणसाने पुढे उभे राहावे हे औसला आवडत नव्हते.

या एका वाक्यात सगळी परिस्थिती सामावली आहे. कलमा पढून झालेला, बैअत झालेली, एका रबवर विश्वास बसलेला, तरी ज्याच्या भावाने माझा भाऊ मारला त्याच्या मागे रुकूअ करायला मन तयार नाही. आपल्याकडेही एखाद्या गावच्या जमातीत दोन तट पडले की बाहेरगावचा इमाम शोधला जातो. दोन्ही तटांची घरे त्याला पाळीपाळीने जेवण देतात, त्याच्यामागे शेजारी शेजारी उभी राहतात, पण एकमेकांच्या इमामतीला तयार नसतात. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना यसरिब समजायला वेळ लागणार नाही.

इथे मुसअब यांचे परकेपण कामी आले. ते औसचे नव्हते, खजरजचे नव्हते. त्यांच्या हातून यसरिबच्या कोणाचेही रक्त सांडले नव्हते आणि त्यांच्या घरच्या कोणाचा सूड यसरिबमध्ये बाकी नव्हता. परका माणूस सामान्यतः आपल्या परकेपणाची लाज बाळगतो, लवकरात लवकर कोणाचा तरी होऊ पाहतो. मुसअब वर्षभर दोन्हीकडच्यांच्या पुढे उभे राहिले आणि कोणा एकाचे झाले नाहीत.

दुसरे म्हणजे, दोन्हीकडच्यांना काय करायला हवे होते, हे त्यांनी आधी मागितले नाही. सूड सोडा, मगच नमाजला या, अशी अट घातली नाही. वैर मनात असतानाच ते एका रांगेत उभे राहिले, दिवसातून पुन्हा पुन्हा उभे राहिले. रांगेत खांद्याला खांदा लागतो. एकाच वेळी वाकावे लागते. मने नंतर बदलली असतील, शरीरांना सवय आधी लागली.

शिकणारी मुले

यसरिबमध्ये मुसअब यांना लोक ‘मुकरी’ म्हणू लागले, म्हणजे पढवणारा. पुस्तक नव्हते, पाटी नव्हती. कुरआनचा जो भाग तोवर अवतरला होता तो त्यांना पाठ होता. त्यांनी म्हणायचे, समोरच्याने ऐकून म्हणायचे, चुकले की पुन्हा म्हणायचे. आजही आपल्या मकतबमध्ये मौलवीसाहेब लहान मुलाला असेच पढवतात. शिकवण्यासाठी ते वस्त्यांमधून फिरत, लोकांच्या घरी जाऊन बसत.

त्या काळात शिकणाऱ्या एका मुलाची साक्ष आपल्याकडे आहे. बरा बिन आजिब (रजि.) हे औसच्या बनू हारिसा कुळातले. बद्रच्या लढाईत घेण्याइतकेही त्यांचे वय नव्हते. त्यांनी पुढे सांगितले की मक्केहून आमच्याकडे सर्वांत आधी आले ते मुसअब बिन उमैर आणि अंध सहाबी इब्ने उम्मे मकतूम, आणि ते लोकांना कुरआन पढवीत. प्रेषित (स.) मदीनेत पोचले तोवर आपल्याला सूरह अअला आणि तिच्यासारख्या काही सूरह पाठ झाल्या होत्या, असेही ते सांगतात.

दुसरा मुलगा खजरजचा, जैद बिन साबित (रजि.). प्रेषित (स.) आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. लोकांनी त्याला पुढे करून सांगितले की या मुलाला सतरा सूरह येतात. त्याने त्या म्हणून दाखवल्या. अकरा वर्षांच्या मुलाला प्रेषितांच्या आगमनाआधीच सतरा सूरह पाठ असणे हे त्याच काळातल्या तालमीचे फळ. या जैदचे वडील साबित बुआसच्या लढाईत मारले गेले होते. तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

सहाव्या वर्षी ज्याचा बाप लढाईने नेला, त्या मुलाला मोठेपणी काय करायचे हे गावाच्या रिवाजाने ठरवून ठेवलेले असते. बापाचा सूड घ्यायचा. जैद त्याऐवजी वह्यचा लेखक झाला. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआन एकत्र करण्याचे काम त्याच्याकडे आले आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात प्रती तयार करण्याचेही. आज आपल्या घरातल्या फडताळात वर ठेवलेला मुसहफ आपल्यापर्यंत पोचला त्यात बुआसच्या एका अनाथ मुलाचा मोठा वाटा आहे.

बागेतला भाला

या वर्षातला सर्वांत धोक्याचा प्रसंग बागेतला. एक दिवस असअद आपल्या पाहुण्याला घेऊन औसच्या बनू अब्दुल अशहल आणि बनू जफर या कुळांच्या वस्तीकडे गेले. मरक नावाच्या विहिरीजवळच्या बागेत दोघे बसले आणि नवे मुसलमान त्यांच्याभोवती जमले. खजरजचा माणूस, एका परक्याला घेऊन, औसच्या वस्तीत बसला होता. लढाई होऊन चार-पाचच वर्षे झाली होती.

बनू अब्दुल अशहलचे दोन पुढारी होते, सअद बिन मुआज आणि उसैद बिन हुजैर. दोघेही तोवर मुसलमान झालेले नव्हते. सअद यांनी उसैदला सांगितले की जा, आपल्या भोळ्या लोकांना बहकवायला आलेल्या या दोघांना हाकलून दे. मीच गेलो असतो, पण असअद माझा मावसभाऊ पडतो. दोन वैरी जमातींमध्ये मावसभाऊ असणे ही गोष्ट लहान वाटते. पण पुरुषांनी तोडलेल्या गावात बायकांच्या नात्यांचे धागे असे शिल्लक राहतात, आणि त्या दिवशी पहिली तलवार म्यानात राहिली ती या धाग्यामुळेच.

उसैद भाला घेऊन निघाले. ते कोणाचे पुत्र, हे आठवायला हवे. बुआसमध्ये स्वतःच्या पायात भाला खुपसून उभा राहिलेल्या हुजैरचे. बाप खजरजशी लढताना जखमी होऊन मेला आणि समोर खजरजचाच माणूस आपल्या आवारात बसलेला. ते येताना दिसताच असअद यांनी मुसअबना हळूच सांगितले की हा आपल्या लोकांचा सरदार आहे. उसैद समोर येऊन उभे राहिले, शिव्या दिल्या, जीव प्यारा असेल तर चालते व्हा म्हणाले.

मुसअब उठले नाहीत, वाद घातला नाही, आणि घाबरून माफीही मागितली नाही. बसून ऐकाल का, एवढेच त्यांनी विचारले. पटले तर घ्या, नाही पटले तर तुम्हाला नको असलेली गोष्ट आम्ही थांबवू.

उसैद यांनी हे बोलणे रास्त आहे असे म्हटले, भाला जमिनीत रोवला आणि बसले. मुसअब यांनी कुरआन पढून दाखवले, इस्लाम काय सांगतो ते सांगितले. थोड्या वेळाने उसैद यांनी विचारले की या धर्मात यायचे असेल तर काय करावे लागते. आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, शहादत देऊन त्यांनी दोन रकात नमाज पढली.

पुढे उसैद यांनी सअदनाही तिथे येणे भाग पाडले. त्यासाठी त्यांनी युक्ती केली. बनू हारिसाचे लोक असअदला मारायला निघाले आहेत, तो तुझा मावसभाऊ म्हणून, असे सांगितले. सअद रागाने उठले, उसैद यांच्याच हातातला भाला घेऊन धावत आले. पाहतात तर दोघे निवांत बसलेले! आपल्याला ऐकायला आणण्यासाठी हे केले, हे त्यांनी ओळखले आणि ते असअदवर भडकले. मुसअब यांनी त्यांनाही तीच विनंती केली आणि तेही भाला रोवून बसले. त्या संध्याकाळपर्यंत बनू अब्दुल अशहलच्या वस्तीतले जवळजवळ सारे स्त्री-पुरुष मुसलमान झाले होते.

ही गोष्ट आपल्याकडे वक्त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकायला मिळते, आणि शेवट धर्मांतराच्या आकड्यावर होतो. मला मात्र त्यातली मुसअब यांची अट महत्त्वाची वाटते. नाही पटले तर आम्ही थांबू. परक्याच्या जमिनीवर बसलेल्या शिक्षकाने यजमान वस्तीच्या सरदाराला दिलेला हा शब्द होता. उसैद यांनी नकार दिला असता तर मुसअब यांना उठून जावे लागले असते, आणि ते गेले असते. ज्याला नकाराचा हक्क खरोखर आहे असे वाटते तोच भाला खाली ठेवतो.

जिथे दार उघडले नाही

हेही सांगायला हवे की सगळे यसरिब वर्षभरात बदलले नाही. औसच्याच काही कुळांनी, खतमा, वाइल, वाकिफ आणि उमय्या बिन जैद यांनी, दार उघडले नाही. त्यांच्यात अबू कैस बिन असलत नावाचा कवी होता. लोक त्याचे ऐकत, आणि त्याने त्यांना थांबवून धरले. खंदकाच्या लढाईनंतरपर्यंत ही कुळे बाहेरच राहिली. मुसअब यांनी त्यांच्यावर कोणाला घातले नाही. नुकतेच मुसलमान झालेले दोन भालेवाले सरदार हाताशी असतानाही नाही.

याच काळात जुमाची पहिली नमाज झाली. बनू बयाजाच्या हर्रामध्ये असअद यांनी चाळीस जणांना जमवले, असे कअब बिन मालिक (रजि.) सांगत. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, तेव्हा मुलगा त्यांना हाताला धरून मशिदीत नेई. जुमाची अजान कानी पडली की ते दरवेळी असअद यांच्यासाठी दुआ करीत. मुलाने कारण विचारले तेव्हा त्यांनी ही हकीगत सांगितली. बुआसमध्ये खजरजचे नेतृत्व करताना पडलेला अम्र बिन नुअमान या बनू बयाजातलाच. ज्या कुळाने लढाईत आपला पुढारी गमावला त्याच्याच जमिनीवर पहिला जुमा झाला.

इ. स. ६२२ च्या हजला मुसअब मक्केला परतले. या वेळी अकबाला ७३ पुरुष आणि २ स्त्रिया होत्या. औस आणि खजरज एकत्र. प्रेषितांनी त्यांच्यातून बारा नकीब निवडायला सांगितले. नऊ खजरजचे, तीन औसचे. असअद आणि उसैद दोघेही त्यांत होते.

इब्ने सअद सांगतात की मक्केत आल्यावर मुसअब आधी प्रेषितांकडे गेले आणि यसरिबची खबर दिली. आईला ते कळले तेव्हा तिने निरोप धाडला की माझ्या गावात येऊन तू आधी दुसऱ्याकडे जातोस! पुन्हा कोंडण्याचा तिचा विचार होता. मुसअब ठाम राहिले, तेव्हा ती रडू लागली. त्यांनी तिलाही इस्लामचे आवाहन केले. तिने ऐकले नाही. हजारभर परक्यांना समजावणाऱ्यालाही आपल्या आईला समजावता येतेच असे नाही. मायलेकरांची ताटातूट कायमची झाली.

यजमानाचा शब्द

मुसअब यशस्वी झाले म्हणून ही वाट सुरक्षित होती असे समजू नये. इ. स. ६२५ मध्ये अदल आणि कारा या जमातींचे लोक मदीनेत आले आणि आम्हाला दीन शिकवायला माणसे द्या म्हणाले. माणसे दिली गेली. रजीअ या पाणवठ्यापाशी दगा झाला. काही तिथेच मारले गेले, खुबैब बिन अदी (रजि.) यांना मक्केत विकून सुळावर चढवण्यात आले. त्याच सुमारास अबू बरा नावाच्या सरदाराने संरक्षणाची हमी दिल्यावर नजदकडे कुरआन पढवणाऱ्यांचा एक गट निघाला. इब्ने इसहाक यांच्या मते ते चाळीस होते, बुखारींच्या हदीसप्रमाणे सत्तर. हे लोक दिवसा लाकूडफाटा आणून विकत, त्यातून सुफ्फावरच्या गरिबांना जेवू घालत आणि रात्री पढत-पढवत. बिअरे मऊना येथे ते कापले गेले. प्रेषितांनी (स.) महिनाभर फजरच्या नमाजमध्ये याचे दुःख अल्लाहपुढे मांडले.

यसरिब आणि बिअरे मऊना यांच्यातला फरक शिक्षकांचा नव्हता. मऊनाकडे गेलेले मुसअबइतकेच तयार होते. फरक होता यजमानाच्या शब्दात. अबू बराचा शब्द त्याच्याच पुतण्याने मोडला आणि असअद यांचा शब्द वैऱ्यांच्या वस्तीतही टिकला. हत्यार नसलेला शिक्षक ज्या छपराखाली झोपतो, त्या घराच्या इमानावर त्याचा जीव असतो. असअद बिन जुरारा हिजरतीच्या पहिल्याच वर्षी, मशीद उभी राहत असताना, घशाच्या आजाराने गेले. इतिहासात त्यांचे नाव मागे पडले. मुसअब यांची कहाणी सांगताना त्यांना विसरता कामा नये.

ही शिकवणी मोबदल्याची नव्हती, हेही लक्षात घ्यावे. उबादा बिन सामित (रजि.) सुफ्फावरच्या लोकांना कुरआन आणि लेखन शिकवत. एकाने त्यांना धनुष्य भेट दिले. ते घ्यावे का असे विचारल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना त्यापासून परावृत्त केले. पुढच्या काळात उलमांनी गरज ओळखून शिक्षकाच्या वेतनाला परवानगी दिली, आणि ते योग्यच झाले. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्याचे पोट भरणे ही जमातीचीच जबाबदारी आहे. हेच उबादा, मुआज बिन जबल आणि अबू दरदा (रजि.) पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात लढाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शाममध्ये शिकवायला गेले. मुआज तिथल्या साथीत वारले, अबू दरदा दमिश्कमध्ये, उबादा फिलस्तीनमध्ये. तिघेही खजरजचे. मदीनेच्या मातीत विसावणे कोणाच्याच नशिबी नव्हते. मुसअब ज्या गावात परके म्हणून आले, त्या गावाने पुढे परमुलखात जाऊन राहणारे शिक्षक दिले.

जखम आणि खपली

मदीनेत सगळे एका दिवसात विसरले गेले, असेही नाही. एकदा औस आणि खजरजचे लोक एकत्र गप्पा मारत बसलेले असताना कोणी तरी मुद्दाम बुआसच्या वेळची वीरकाव्ये म्हणवून घेतली. बघता बघता जुने हिशेब निघाले आणि हर्रावर भेटू म्हणत दोन्हीकडचे हत्यारे घ्यायला धावले. प्रेषित (स.) स्वतः मध्ये आले, तेव्हा रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. खपलीखालची जखम किती वर्षे ओली असते, याचा हा पुरावा. पण रडत गळ्यात पडण्याची सवय कुठून आली? त्याच रांगेतून, जिथे एक परका पुढे उभा होता.

मुसअब यांना हे सगळे पाहायला फार दिवस मिळाले नाहीत. इ. स. ६२५ मध्ये उहुदला मुसलमानांचे निशाण त्यांच्या हाती होते. समोर कुरैशचे निशाण धरून त्यांच्याच अब्दुद्दार घराण्याचे लोक उभे होते. वय चाळीसच्या आसपास. ते पडले तेव्हा अंगावर एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. शेवटी डोके चादरीने झाकले आणि पायांवर इजखिर नावाचे गवत घातले. मक्केत ज्याच्या अत्तराचा दरवळ गल्लीभर पसरायचा त्याचे हे कफन. पत्नी हमना बिन्ते जहश (रजि.) यांना त्या दिवशी आधी भावाच्या, मग मामा हमजा (रजि.) यांच्या मृत्यूची बातमी दिली गेली. त्या शांत राहिल्या. मुसअब यांचे नाव ऐकले आणि त्यांनी हंबरडा फोडला.

त्यांच्या नावावर घर नाही, जमीन नाही, ग्रंथ नाही. बरा बिन आजिब म्हातारपणी कुफ्यात लोकांना सांगत की आमच्याकडे सर्वांत आधी कोण आले. औसचा एक मुलगा आपल्या पहिल्या शिक्षकाचे नाव घेत होता. तो शिक्षक राहत होता खजरजच्या घरी. ते सांगताना या गोष्टीचा त्याला उल्लेखही करावासा वाटला नाही.